पहिलं खुराडं: कसं बांधलंत, काय चुकलं, किती गेले? (अनुभव धागा)

पागोळी
काल माळ्यावरची अडगळ काढताना आजीचं डालगं सापडलं. बांबूच्या कामट्यांचं, एका बाजूला सुतळीनं शिवलेलं. आठ वर्षांचा असताना माझं एकच काम होतं, दिवेलागणीला पिलं आत गेली की डालगं पालथं घालून वर दगड ठेवायचा. एका संध्याकाळी खेळाच्या नादात विसरलो. सकाळी अंगणभर पिसं. आजी ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं तोच दगड आणून माझ्या हातात दिला, बस.

आता चिपळूणजवळच्या घरी कायमचा राहायला आलोय. पाच तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आणि एक कोंबडा आणायचा विचार आहे. परसात चार बाय तीन फुटांचं खुराडं, खाली दोन फुटांचे पाय. घरचा मोडका लाकडी पलंग आहे, गोठ्याचे दोन पत्रे उरलेत. पाच हजारांच्या आत बसवायचंय. तुमचं पहिलं खुराडं कसं झालं ते लिहा. उपदेश नको, अनुभव हवेत. (उपदेश केलात तरी वाचीन.)

हळदकुंडी
कोंबडीजाळी घेऊ नका. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

ती षटकोनी भोकांची जाळी कोंबड्या आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. मुंगसानं खालच्या कोपऱ्यातून उसवली. एका रात्रीत तीन तलंगा, आणि खाल्ली एकीची फक्त मान. मग अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी जाळी) आणली. पहिली जाळी ४००, दुसरी १९००, तलंगा ३५० प्रमाणे तीन. हिशेब तुम्हीच करा, मी केला की बीपी वाढतं.

खमंग_काका
मला वाटलं पाककृती आहे. वड्यांचं पीठ मळून आलो होतो.

हळदकुंडी
काका 😄 कोंबडी जिवानिशी गेली आणि तुम्हाला वडे सुचतायत.

पऱ्हाटी
आमच्याकडे अकोल्यात मुंगूस नंतर, आधी ऊन. मी हौसेनं चारी बाजूंनी पत्रा मारला, म्हटलं मजबूत होईल. मे महिन्यात दुपारी घरी आलो तर सगळ्या चोची उघड्या टाकून, पंख पसरून धापा टाकत बसलेल्या. एक तर आडवीच झाली होती. दुसऱ्याच दिवशी दोन्ही लांब बाजूंचे पत्रे काढून जाळी मारली. छतावर पऱ्हाट्यांचा जाड थर टाकला आणि त्यावर ओलं गोणपाट. खुराडं असं फिरवलं की त्याची लांबी पूर्व-पश्चिम झाली, आता सकाळ-संध्याकाळचं ऊन फक्त अरुंद बाजूंवर येतं. खर्च शून्य. पऱ्हाट्या शेजाऱ्याच्या, गोणपाट घरचं, अक्कल उशिरा आलेली.

कोकणात तुम्हाला पाऊस बघावा लागेल, ते तिकडचे लोक सांगतील.

कातळसडा
तिकडचे लोक आले. पागोळी, नाव पागोळी घेतलंय आणि पागोळ्यांचा विचार केलेला दिसत नाही. पत्रा भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट तरी काढा. माझा सहा इंच होता. जुलैत झडीनं आतलं तूस भिजलं, त्याचा चिखल झाला, असा घमघमाट की बायको माहेरी जाते म्हणाली. (गेली नाही. माहेरी पण कोंबड्या आहेत.) तूस कोरडं राहिलं तर अधूनमधून खाली-वर करायचं, थोडा चुना टाकायचा, वास येत नाही.

आणि रात्रीची कडी. मी नुसता आकडा लावला होता. कांडेचोरानं (मांजराएवढा, रात्री फिरणारा प्राणी) तो सहज उचलला. आता खिट्टी आहे आणि खिट्टीत खिळा.

निवडुंग_पुणे
कोंबडा घेऊच नका. आमच्या बंगल्यांच्या गल्लीत माझा कोंबडा पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. शेजारी लहान मुलाला घेऊन जागणारी बाई होती, ती दोन महिने काही बोलली नाही, मग एक दिवस बोलली. सगळं बोलली. मी काळं फडकं टाकून पाहिलं, अंधार केला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, इथे तर झाकलं म्हणून आरवायचंही राहिलं नाही. शेवटी मामाच्या गावी पाठवला.

साय_साखर
पण कोंबडा नसेल तर अंडी कशी मिळणार?

निवडुंग_पुणे
मिळतात हो. अंडं घालायला कोंबडा लागत नाही, पिलं हवी असतील तरच लागतो. हे मी सासूबाईंना तीन वर्षं सांगतेय.

साय_साखर
म्हणजे मग ते शाकाहारी?

खमंग_काका
झालं. आता हा धागा पाचशेवर जाणार.

रंकाळ्यावरचा
काय लोक बी कुठं निघाल्यात. पागोळी भाऊ, ऐका. आम्ही पयल्या खेपेला अंड्याचा खण वर आणि बसायची काठी खाली केली. कोंबडीला रात्री सगळ्यात उंच जागा पायजे. सगळ्या खणात झोपाय लागल्या, सकाळी अंडी शेणानं माखल्याली. काठी वर घेतली, खण खाली, मिटलं.

खण म्हंजे रंगाची वीस लिटरची बादली, आडवी करून. तोंडाला खाली चार बोटं फळी मारायची म्हंजे तूस भाईर येत न्हाई. पाच कोंबड्यास्नी एक पुरती, पण दोन ठेवा. सगळ्या एकाच बादलीसाठी भांडतील, दुसरीकडं ढुंकून बघणार न्हाईत, तरीबी ठेवा. पयल्या येळंला अंडं कुठं घालायचं ते कळंना म्हणून पोरानं टेबलटेनिसचा बॉल आत ठेवला. आता त्यो खेळायला बॉल मागतोय.

दूरदेशी
इंग्लंडातून. तयार पेटी मागवली, सुटे भाग जोडायचे, वर लिहिलं होतं 'आठ कोंबड्यांसाठी'. आठ कोंबड्या त्यात मावल्या असत्या, पण एकीवर एक रचून. मी तीनच ठेवल्या. फळ्या एवढ्या पातळ की दुसऱ्या हिवाळ्यात फुगून दार लागेना. पलंगाचं लाकूड असेल तर खरंच तेच वापरा. इथे कोल्हा असतो, तो जाळीखालून उकरतो. म्हणून चारी बाजूंना जमिनीवर बाहेरच्या अंगाला फूटभर जाळी आडवी अंथरली आणि माती टाकली. काठाशी उकरायला लागला की जाळीच हाताला लागते.

शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून इथे एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. आईला सांगितलं तर म्हणाली, मग रेशनकार्ड पण काढून घे.

तापीकाठ
मी लिहू की नको असं चाललं होतं. आम्ही नवापूरचे. फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा मी नववीत होते. मोठ्या फार्मांवरच्या कोंबड्या तर मारल्याच, आसपासच्या घरच्याही. आईच्या सहा होत्या, एकीलाही काही झालेलं दिसत नव्हतं. मास्क लावलेली माणसं दारात आली. आईनं स्वतः धरून दिल्या, म्हणाली परक्या हातानं घाबरतील. खुराडं नंतर बरीच वर्षं तसंच होतं, सरपण ठेवायचो त्यात. मागच्या वर्षी तिनं परत चार आणल्या.

पागोळी
तापीकाठ, काय लिहू. आईंना नमस्कार सांगा.

हळदकुंडी
🙏 आता कोणत्या आहेत? गावरान?

तापीकाठ
हो, गावरानच. एक आताच खुडूक झालीय (अंडी उबवायला बसलीय). खाली अकरा अंडी ठेवलीत, टोपलीत आईनं लोखंडाचा खिळा ठेवलाय. वीज कडाडली तरी अंडी गार होऊ नयेत म्हणून. मी काही बोलत नाही.

रंकाळ्यावरचा
आमच्यात कोळसा ठेवत्यात. सातव्या दिशी रातच्याला अंड्याला बॅटरी लावून बघा. लाल शिरा दिसल्या तर ठीक, न्हाईतर काढा भाईर. एकविसाव्या दिशी फुटतील.

कातळसडा
पागोळी, पाच हजारांत लसीचे धरलेत का? कुणी धरत नाही. मानमोडी (राणीखेत रोग) आली की खुराडं कितीही भक्कम असो, दोन दिवसांत रिकामं. पिलू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा ही लस, डोळ्यात एक थेंब. पुढे आठव्या आठवड्यात पंखाखाली इंजेक्शन. गंमत अशी की कुपी मिळते शंभर डोसांची आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची, ती पण बर्फात ठेवून. माझ्याकडे होती सहा पिलं. म्हणजे सहा थेंब वापरून चौऱ्याण्णव गटारात. पुढच्या खेपेला वाडीत आवाज दिला, अकरा घरांतली पिलं टोपल्यांतून आली, थर्मास घेऊन मी मध्ये बसलो. डॉक्टर असल्यासारखं वाटलं. प्रत्येक घराला सात रुपये पडले.

निवडुंग_पुणे
तलंगा घेताना लस झालीय का विचारा. सगळे हो म्हणतात, तारीख विचारा. मग पाणी पितात.

साय_साखर
आमची एक कोंबडी होती, मुलीनं तिचं नाव मंजुळा ठेवलं. नाव ठेवल्यावर संपलं. सात वर्षं जगली, शेवटची तीन वर्षं एक अंडं नाही. माझ्या बागेतल्या मिरच्या मात्र रोज.

खमंग_काका
मंजुळाला श्रद्धांजली. मी पीठ फ्रिजमध्ये ठेवलं.

पागोळी
सगळ्यांचे आभार, वहीत लिहून घेतलंय. बेत बदलला: पत्रा बाहेर दोन फूट, वेल्डमेश, काठी वर आणि बादली खाली, कडीत खिळा. खुराडं तेवढंच, चार बाय तीन, कारण दिवसभर परसात मोकळ्याच असणार. आल्यावर पहिला आठवडा आतच कोंडून ठेवायच्या असं शेजारच्या काकी म्हणाल्या, नाहीतर पहिल्या संध्याकाळी फणसावर जाऊन बसतात. हिशेब ५२०० वर गेलाय.

अडचण वेगळीच आली. पलंग मोडायला घेतला तर बाबा येऊन त्यावर बसले. म्हणाले, तुझा जन्म याच्यावर झालाय. मी म्हटलं माझा जन्म दवाखान्यात झालाय. म्हणाले, मग माझा. गेला तासभर तिथेच बसलेत, चहा पण तिथेच नेऊन दिला.

कातळसडा
पलंग राहू दे. लाकडाच्या वखारीत फळ्यांचे तुकडे वजनावर मिळतात, ते बघा.

पागोळी
उद्या जातो. लहान पिलंच आणायचं ठरतंय आता, म्हणजे लसीचं आलं. चिपळुणात आसपास कुणाकडे आहेत का? माझी सहा होतील, चौऱ्याण्णव डोस उरतात.

सुपारीबाग
मी सावर्ड्यात. माझ्याकडे चौदा आहेत, शनिवारी पाच दिवसांची होतील. कुपी मी आणते, बर्फ तुम्ही आणा.