बॅकस्पेसिंग आधी मोजावे, रिम नंतर घ्यावी

१९६९ च्या शेव्हरोले कॅमेरो गाडीला मागे २७५/६० आर १५ मापाचा (२७५ मि.मी. रुंद, १५ इंची रिमचा) टायर घालण्यासाठी ८ इंच रुंदीची कोणतीही रिम, म्हणजे टायर बसतो ते धातूचे चाक, चालेल, असे काही जण म्हणतात. ते मला मान्य नाही. रुंदीइतकेच महत्त्व बॅकस्पेसिंगला, म्हणजे ब्रेकच्या ड्रमला टेकणाऱ्या रिमच्या बैठकीपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतच्या अंतराला आहे. ८ इंची रिम काठासकट सुमारे ९ इंच भरते आणि हा टायर साधारण ११ इंच रुंद होतो, म्हणजे दोन्ही कडांबाहेर इंचभर येतो. त्यामुळे बॅकस्पेसिंग साडेचार इंच असेल तर बैठकीच्या आत आणि बाहेर साडेपाच-साडेपाच इंच जागा लागते. तेच पाच केले, की टायर अर्धा इंच आत, लीफ स्प्रिंगकडे (ॲक्सलला धरणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगकडे) सरकतो.

मोजताना मागचा ॲक्सल लटकता ठेवू नये, गाडीचा पूर्ण भार त्यावर असू द्यावा. फेंडरच्या (चाकावरच्या बॉडीच्या) आत दुमडलेल्या पत्र्यापासून आणि स्प्रिंगपासून, अशी दोन्ही मापे डाव्या व उजव्या बाजूला स्वतंत्र घ्यावीत, कारण या जुन्या गाड्यांत ॲक्सल बॉडीच्या बरोबर मध्यावर असतोच असे नाही. स्प्रिंगपाशी अर्धा इंच तरी मोकळा ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे; वळणावर टायरची बाजू कलते आणि जागा अपुरी असली तर रबरावर घासल्याचा गुळगुळीत, काळाभोर पट्टा उमटतो. स्पेसरने (ड्रम आणि रिममध्ये घालायच्या चकतीने) चाक फक्त बाहेर येते, तेव्हा फेंडर घासत असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही.