परसात रोज येणारा हा शिकारी पक्षी कुठला? शिक्रा, बेसरा की आणखी काही?

पोफळी_नाचणे
नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीत नाचण्याला राहतो, आजूबाजूला सगळीकडे बिल्डिंगी झाल्यात पण आमचं जुनं घर अजून आहे आणि मागीलदारी विहीर, दोन माड, एक रायवळ आंबा आणि चार पोफळी एवढं शिल्लक आहे. गेले दहा-बारा दिवस एक शिकारी पक्षी रोज सकाळी साडेसात-आठला येतो आणि विहिरीवर रहाटाचा जुना खांब आहे त्यावर बसतो. तो आला की बुलबुल आणि खारी एकदम ओरडायला लागतात त्यामुळे चुलीपाशी असले तरी मला कळतं. आकाराने पारव्याएवढाच, पाठ राखाडी, छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा, शेपूट लांब. परवा माझ्यासमोर कुंपणावरचा सरडा उचलला, एवढ्या झटक्यात की सरडा गेला हे मला नंतर कळलं.

आता अडचण अशी की आमच्या कोंबडीची सात पिल्लं होती त्यातली पाच राहिली. एक तरी त्यानेच नेलं, मी बघितलंय, दुसऱ्याचं माहीत नाही. सासूबाई म्हणतात घार आहे, शेजारचे भाऊ म्हणतात ससाणा आहे आणि बेचकीने पाडतो म्हणून मागे लागलेत. मुलाने मोबाईलवर मर्लिन ऍपमध्ये फोटो टाकला तर शिक्रा आणि बेसरा अशी दोन नावं आली, फोटो लांबून काढलेला आणि धूसर आहे. मला त्याला मारू द्यायचं नाहीये पण पिल्लंही वाचवायचीत. नक्की कोण आहे हे कसं ओळखायचं?

कातळसडा
ताई, आधी त्या भाऊंना थांबवा, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि हे सगळे शिकारी पक्षी त्यात येतात, बेचकीने पाडणं हा गुन्हा आहे.

घार नाही हे नक्की. घार पारव्याच्या जवळजवळ दुप्पट लांब असते आणि तिच्या शेपटीला खाच असते. आपल्याकडे बंदरावर मासळीसाठी फिरते ती पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार, तिचं अंग विटकरी असतं पण छातीवर आडव्या रेघा नसतात. ससाणाही नाही. आपल्याकडे कुठल्याही छोट्या शिकारी पक्ष्याला सरसकट ससाणा म्हणतात, पण खऱ्या ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार असतात. तुमचा झाडांतून वाट काढत येत असेल तर त्याचे पंख आखूड आणि गोलसर असणार, चार-पाच वेळा भराभर फडफड मग थोडं तरंगणं, परत फडफड.

राहिले शिक्रा आणि बेसरा. परसात सरडे पकडणारा बहुतेक शिक्राच असतो, बेसरा सह्याद्रीच्या दाट रानात राहणारा आणि लाजाळू. तरी खात्रीसाठी चार गोष्टी बघा, दुर्बीण नसेल तर मोबाईलचा झूम चालेल. गळ्याच्या मधोमध उभी रेघ असते, शिक्र्याची पुसट, बेसऱ्याची जाड आणि काळी, लांबूनही दिसते. छाती बघा, मोठ्या शिक्र्याच्या रेघा आडव्या आणि नाजूक, बेसऱ्याच्या छातीवर वरच्या भागात उभे फराटे. शेपटी पसरली की बेसऱ्याचे पट्टे रुंद आणि ठळक असतात. आणि पायाची बोटं, हे फार कमी लोक बघतात, शिक्र्याची आखूड आणि जाडसर, बेसऱ्याचं मधलं बोट सुईसारखं लांब. डोळ्याचा रंगही सांगा.

एक मात्र लक्षात ठेवा, शिक्र्याचं पिल्लू तपकिरी असतं, छातीवर थेंबासारखे उभे ठिपके असतात आणि गळ्याची रेघही जास्त उठून दिसते, त्याला बघून चांगले जाणकारसुद्धा बेसरा म्हणून बसतात. तुमचा राखाडी आहे म्हणजे ती अडचण नाही.

देवगडकर७
पावशा नाही ना तो? मे महिना आहे म्हणून विचारतो. आमच्याकडे मी दोन वर्षं पावशालाच शिक्रा समजत होतो, राखाडी पाठ, पट्ट्यांची शेपूट, छातीवर विटकरी झाक, उडायची पद्धतसुद्धा तीच, इतका की छोटे पक्षी त्याला बघून ओरडतात. नंतर एके दिवशी तो आमच्या फणसावर बसून 'पेरते व्हा, पेरते व्हा' ओरडायला लागला तेव्हा कळलं. त्याची चोच सरळ असते, शिक्र्यासारखी आकडा केलेली नसते, आणि डोळ्याभोवती पिवळी कडा असते. हा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, तेव्हा शिकारी पक्ष्यासारखं दिसण्याचा त्याला फायदा होत असावा असं मला वाटतं.

कातळसडा
पावशाचा मुद्दा बरोबर, पण पावशा किडे आणि सुरवंट खातो, कोंबडीचं पिल्लू उचलणार नाही. तरी चोच बघाच.

कुडाळची_माय
पोफळीताई, पिल्लांचं मी सांगते, पक्ष्याचं ही मंडळी सांगतीलच. आमच्या लहानपणी आकाशात सावली दिसली की आजी खळ्यातून ओरडायची, 'पिल्लां आत घेवा रे, घार इली!' आणि आम्ही सुपं घेऊन धावायचो. आता आमच्याकडे मी मासेमारीचं जुनं जाळं घेतलंय, आमच्याकडच्या एका रापणवाल्यांकडून मिळालं, आणि चार बांबू रोवून वर ताणून बांधलंय, पिल्लं महिनाभर त्याच्या खालीच चरतात. दोन वर्षांत एक पिल्लू गेलं नाही. पण जाळं ढिलं अजिबात ठेवू नका, ताणूनच बांधा आणि खालची कड जमिनीवर लोळती ठेवू नका, आमच्याकडे पहिल्याच वर्षी धामण अडकली होती, कात्रीने एकेक दोरा कापून सोडवली तिला, अर्धा दिवस गेला आणि जीव नुसता तळमळत होता. दुसरं पिल्लू मुंगसानेही नेलं असेल, खुराड्याची फट बघा, मुंगसाला लहान फटसुद्धा पुरते. आणि माडाखाली उंदरांना औषध घालत असाल तर बंद करा, विष खाल्लेला उंदीर हेच पक्षी उचलतात.

पोफळी_नाचणे
सगळ्यांचे आभार, आज दोन दिवसांनी लिहितेय कारण नीट बघूनच लिहायचं ठरवलं होतं. काल सकाळी मी आणि मुलगा पडवीत पडद्यामागे बसलो. तो आला, खांबावर बसला आणि साधारण दहा मिनिटं हलला नाही, ऊन समोरून होतं म्हणून सगळं दिसलं. चोच आकडा केलेली. डोळा लाल, अगदी पिकलेल्या कोकमासारखा. गळ्यावरची रेघ दिसतच नव्हती, मुलाने फोटो मोठा केल्यावर एक पुसट करडी रेषा दिसली. बोटं आखूड, पिवळी. म्हणजे शिक्रा ना?

पण एक गोंधळ आहे. त्याचा आवाज 'टि-टुई, टि-टुई' असा येतो, पण तोच आवाज कधी आंब्यावरून येतो आणि तिथे बघावं तर काळा कोतवाल बसलेला असतो.

कातळसडा
शिक्राच, आणि लाल डोळा म्हणजे मोठा नर. मादीचा डोळा पिवळा ते नारिंगी असतो आणि ती नरापेक्षा मोठी असते. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, म्हणून नुसत्या आवाजावरून कधी ठरवू नका, ऍपचीसुद्धा फसगत होऊ शकते.

रोज त्याच वेळेला येतोय म्हणजे जवळपास घरटं असण्याची शक्यता खूप आहे, मार्च ते जून त्यांचा विणीचा काळ. मादी अंड्यांवर बसते आणि नर शिकार आणून देतो. घरटं कावळ्याच्या घरट्यासारखं, काटक्यांचं, उंच फांदीच्या बेचक्यात. अंडी साधारण 3-4, आणि 18 ते 21 दिवसांत फुटतात. तुमचा आंबा बघा, पण वर चढू नका आणि खाली फार वेळ उभं राहू नका.

पोफळी_नाचणे
घरटं आहे!! रायवळ आंब्यावरच, रस्त्याकडच्या फांदीवर. आज दुपारी नर चोचीत काहीतरी घेऊन आला, बाजूच्या फांदीवर बसून हाक मारली तर मादी घरट्यातून उठून त्याच्याजवळ आली, त्याच्याकडून घेतलं आणि तो लगेच निघून गेला. तिचा डोळा पिवळा आहे हे मुलाने ओळखलं. शेजारच्या भाऊंना बोलावून दाखवलं, ते बराच वेळ बघत उभे राहिले आणि जाताना म्हणाले, जाळं बांधायला बांबू मी देतो.

पुढच्या आठवड्यात आंबे उतरवायला गडी येणार होते, त्या फांदीवरचे आंबे काढायचे नाहीत असं त्यांना सांगितलंय. सासूबाई म्हणाल्या, राहू देत, पडतील तेव्हा पडतील.