अॅना मॅग्नानीचे पिक्चर कुठून सुरू करू?

चहा_दोन_कप:
मंडळी, एक शंका. आमच्याकडे एक छोटा फिल्म क्लब आहे, क्लब म्हणजे काय तर एका काकांचा वरच्या मजल्यावरचा हॉल, प्रोजेक्टर आणि पंधरा-वीस प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे गेल्या रविवारी 'रोम ओपन सिटी' लावला होता. मला वाटलं युद्धाचा जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, इंटरव्हलपर्यंत डुलकी नक्की. पण त्यात ती पीना आहे ना, पोटुशी, त्याच दिवशी तिचं लग्न, आणि जर्मन तिच्या होणाऱ्या नवऱ्याला पकडून ट्रकमध्ये कोंबतात, तर ही शिपायांना ढकलून 'फ्रांचेस्को, फ्रांचेस्को' ओरडत ट्रकमागे धावत सुटते आणि गोळी लागून रस्त्यातच कोसळते. स्लो मोशन नाही, मरताना डायलॉग नाही. छोटा पोरगा येऊन अंगावर पडतो आणि बस. आणि पिक्चर अजून अर्धा शिल्लक! मी तिलाच हिरॉइन समजून बसलेलो.

घरी येऊन शोधलं तर अॅना मॅग्नानी, ऑस्कर वगैरे मिळालेली बाई. मग आपल्याकडे इटालियन नटी म्हटलं की सोफिया लॉरेनच का आठवते? हिचं पुढे काय झालं? आणि आता कुठला बघू?

मधल्या_रांगेतली:
आधी नाव. मान्यानी म्हण, त्यातला ग खायचा. लझान्या म्हणतोस ना, तेच स्पेलिंग आहे.

जन्म रोमचा, १९०८. बाप कधी नव्हताच, आई हिला आजीकडे ठेवून इजिप्तला अलेक्झांड्रियात निघून गेली, त्यामुळे वाढली ती आजीच्या हाताखाली. अभिनयाच्या शाळेत गेली पण पोट भरलं ते नाइट क्लबात गाणी म्हणून आणि स्टेजवरच्या गाणी-नकलांच्या शोमधून, युद्धाच्या काळात तोतोबरोबर (तिकडचा मोठा विनोदी नट) तिचे शो चालायचे. नवरा गोफ्रेदो अलेस्सांद्रिनी स्वतः सिनेमाचा डायरेक्टर, तरी सिनेमात हिच्या वाट्याला बहुतेक किरकोळ रोलच. चेहरा असा की डोळ्याखाली काळं, केस विस्कटलेले, आवाज घोगरा, त्या काळच्या गुळगुळीत नायिकांच्या रांगेत ती बसणारच नव्हती. 'रोम ओपन सिटी'च्या डायरेक्टरने, रोसेलिनीने, पीना दिली तेव्हा तिची सदतिशी आली होती. आपल्याकडे सदतिशीत नटीला हिरोची वहिनी करतात.

आणि तो सीन हवेतून आलेला नाही. ३ मार्च १९४४ ला रोममध्येच तेरेझा गुलाचे नावाच्या बाईला जर्मन शिपायाने गोळी घातली होती, पाच पोरांची आई, पुन्हा पोटुशी, पकडून नेलेल्या नवऱ्याला भेटायला बराकीसमोर गेली होती. जर्मन रोममधून गेले जून १९४४ मध्ये आणि शूटिंग सुरू झालं जानेवारी १९४५ ला, म्हणजे वर्षसुद्धा झालं नव्हतं. बघे म्हणून उभ्या असलेल्या लोकांना अॅक्टिंग शिकवायची गरजच काय होती.

जुना_प्रोजेक्टर:
ज्वालामुखीचं प्रकरण कोणी सांगितलं नाही अजून? मग माझ्याकडे लागलं ते.

रोसेलिनी आणि मान्यानी तेव्हा जोडीने राहत होते. १९४८ मध्ये हॉलिवूडची बडी नटी इन्ग्रिड बर्गमनने रोसेलिनीला पत्र धाडलं की तुमच्या पिक्चरमध्ये काम करायचंय, आणि गाडी रुळावरून उतरली. मान्यानीने हॉटेलात त्याच्या डोक्यावर स्पॅगेटीची ताटली उपडी केली असा किस्सा सांगतात, खरा-खोटा देव जाणे, पण तिच्या बाबतीत पटतो. पुढे त्याने सिसिलीजवळच्या स्ट्रॉम्बोली बेटावर बर्गमनला घेऊन पिक्चर काढला, तर इकडे मान्यानी शेजारच्या व्हल्कानो बेटावर दुसऱ्या कंपनीच्या पिक्चरची हिरॉइन. दोन्हीकडे ज्वालामुखी, दोन्हीकडे बाहेरून बेटावर आलेली बाई, वर्ष तेच १९४९, आणि पेपरवाले मधोमध होड्या घेऊन. कहर म्हणजे २ फेब्रुवारी १९५० ला 'व्हल्कानो'चा रोममध्ये प्रीमियर, तिथे प्रोजेक्टरचा दिवा उडाला, तो बदलेपर्यंत बातमी आली की बर्गमनला मुलगा झाला, झालं, पत्रकार उठून तिकडे. (आयडीमुळे सांगतो, दिवा उडाला की ऑपरेटरची काय अवस्था होते हे मी जवळून पाहिलंय, त्या माणसाबद्दल मला जास्त वाईट वाटतं.)

हाच रोसेलिनी पुढे आपल्याकडे आला, भारतावर पिक्चर करायला, आणि १९५७ मध्ये सोनाली दासगुप्तांबरोबरच्या प्रकरणाने मुंबईचे पेपर त्याच्यावरच चालत होते. आणि 'रोम ओपन सिटी' मुंबईत १९५२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातच दाखवलेला, म्हणजे चहावाल्या, तुझ्या काकांच्या हॉलला थोडा उशीरच झाला.

लॉरेन_फॅन:
मान्यानी ग्रेटच पण उगाच लॉरेनला खाली ओढू नका. 'टू विमेन'मधला आईचा रोल आधी मान्यानीकडेच गेलेला, लॉरेन तिची मुलगी होणार होती. बाईसाहेबांना लॉरेनची आई व्हायचं नव्हतं, नाही म्हणाल्या. मग पंचविशीतल्या लॉरेनने आईच केली आणि ऑस्कर घेतला, तोही इटालियन बोलून. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या कामाला अभिनयाचा ऑस्कर मिळायची ती पहिलीच वेळ.

मधल्या_रांगेतली:
बरोबर आहे पण त्याच्या सहा वर्षं आधी इटालियन नटीला पहिला ऑस्कर मिळाला तो कोणाला? 'द रोझ टॅटू', १९५५. अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सने मूळ नाटक हिला डोळ्यासमोर ठेवूनच लिहिलेलं, पण इंग्रजी येत नाही म्हणून हिने ब्रॉडवेला नकार दिला, नंतर सिनेमात केलं. नवरा गेल्यावर घरात गाऊनवर फिरणारी, कपडे शिवून पोट भरणारी सिसिलियन विधवा, समोर बर्ट लँकेस्टर. तो बिचारा अक्षरशः उड्या मारतो तरी तुमची नजर हिच्यावरच. ऑस्करच्या रात्री ही रोममध्ये, अवॉर्ड घेतलं को-स्टारने. हॉलिवूडमध्ये तंबू काही ठोकला नाही तिने, पिक्चर केले मोजकेच. मुलाला, लूकाला, लहानपणीच पोलिओ झालेला, कमाईचा मोठा वाटा त्याच्या उपचारावर जायचा, हे लक्षात ठेवून तिची करिअर बघा.

आत्याबाई_ठाणे:
अरे पण पोराने विचारलंय पुढे काय बघू, त्याचं उत्तर द्या की कोणीतरी. बाळा, 'बेलिसिमा' बघ, १९५१, व्हिस्कोंतीचा. ही घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी बाई, पै पै साठवून पोरीला सिनेमात घालायला निघालेली. फोटो, नाचाचा क्लास, फ्रॉक, सगळं होतं. मग ती चोरून प्रोजेक्टरच्या खोलीत जाऊन पोरीची स्क्रीन टेस्ट बघते, पडद्यावर पोर रडतेय आणि खाली स्टुडिओतली सगळी मंडळी खदाखदा हसतायत. तिथे तिचा चेहरा बघ. काही म्हणजे काही करत नाही ती, नुसती बघत राहते. नंतर काँट्रॅक्ट घरी चालत येतं तर सही करत नाही. लहान मुलांच्या गाण्याच्या शोमध्ये आयांना पोरांपेक्षा जास्त टेन्शनमध्ये बघितलंय ना आपण, मला तेच आठवत राहिलं. माझ्या लेकीला मी तिसरीत असल्याच एका ऑडिशनला उन्हात चार तास उभी केलेली, ते ती अजून काढते.

जुना_प्रोजेक्टर:
'बेलिसिमा'ला अनुमोदन. त्यानंतर पासोलिनीचा 'मम्मा रोमा', १९६२. रात्रीच्या रस्त्यावर ती चालतेय, बोलतेय, हसतेय, मागे फक्त दिवे, बाजूला एकेक माणूस येतो, चार पावलं ऐकतो, अंधारात जातो, दुसरा येतो, आणि हिची गोष्ट मात्र न थांबता चालूच. वेश्येचा जुना धंदा सोडून भाजीची गाडी लावणारी आई आहे ती. शूटिंगमध्ये पासोलिनीचं आणि तिचं फारसं जमलं नाही, पण पडद्यावर मला तरी काही कमी वाटलं नाही.

त्यानंतर कामं कमी होत गेली. २६ सप्टेंबर १९७३ ला रोममध्येच गेली, स्वादुपिंडाचा कॅन्सर, वय ६५. शेवटी उशाशी कोण, तर रोसेलिनी. पुरलं तेही आधी त्याच्याच घराण्याच्या कबरीत. अंत्यविधीला रोमकरांनी तुफान गर्दी केली, त्यांच्यासाठी ती ऑस्करवाली नव्हती, नान्नारेल्ला होती, म्हणजे आपण घरातल्या पोरीला लाडाने हाक मारतो ना तसं.

चहा_दोन_कप:
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना, मान्यानी आता पाठ झालं. काकांना 'बेलिसिमा'चं सांगितलंय, ते म्हणतात सबटायटल नीट मिळाली तर लावतो, मागच्या वेळी दोन वाक्यं मागे चालत होती. आईलाही घेऊन जाणार आहे. तोपर्यंत पटकन बघण्यासारखं काही?

मधल्या_रांगेतली:
फेलिनीच्या 'रोमा'चा शेवटचा भाग, १९७२. ती रात्री घरी परततेय, फेलिनी मागून कॅमेरा घेऊन, काहीतरी विचारायचंय म्हणतो, तू म्हणजेच रोम वगैरे मस्का लावतो. ती दारात वळून म्हणते, नाही फेदेरिको, तुझा भरवसा नाही, जा झोप जा, आणि दार लावून घेते. मिनिटभराचंच काम. पडद्यावरचं तिचं शेवटचं.