काटोल रोडची शिलावर्तुळं: मॅपवर टाकावी की तोंड बंद ठेवावं?

बर्डीचा_भटक्या
माझा आत्तेभाऊ रोमला जाऊन आला. भुयारातल्या थडग्यांचे चाळीस फोटो घरच्या ग्रुपवर, आणि खाली शेरा, ‘आपल्याकडे असलं काही नाही बे.’ हा माणूस राहतो नागपूरच्या काटोल रोडला! त्याच रस्त्यानं थोडं पुढे गेलं की जुनापाणी. मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले, आत भराव, भरावात पुरलेली माणसं, सोबत लोखंडी हत्यारं आणि काळी-तांबडी मडकी. अशी 300 च्या आसपास वर्तुळं. रोमची ती भुयारं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासूनची. ही त्याच्याही कित्येक शतकं आधीची, लोहयुगातली.

नागपूरला पाहुणा आला की आपण त्याला दीक्षाभूमी, फुटाळा आणि सावजी दाखवून परत पाठवतो. म्हणून जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, अडम, पवनी, अशा आपल्याकडच्या जुन्या जागांची मॅपच्या पिनसकट यादी इथं टाकायचा विचार आहे. कोणाची हरकत?

मुक्काम_पोस्ट_माती
माझी आहे, चांगली जोरदार.

तीन वर्षांपूर्वी मीच शहाणपणा केला होता. एका जागेचा व्हिडिओ टाकला, गावाच्या नावासकट. पुढच्या हिवाळ्यात गेलो तर एका वर्तुळाच्या मधोमध कंबरेएवढा खड्डा. कडेला चिरलेली लिंबं, कुंकू, कोंबडीची पिसं. गुप्तधन! दोन दगड तर पार उलटे पाडलेले. व्हिडिओ काढला मी, पण ज्यांनी ज्यांना पाठवला तिथून कसा काढू?

माहुरझरीच्या उत्खननात माणसासोबत पुरलेला घोडा सापडला, तोंडावरच्या तांब्याच्या अलंकारासकट. ते तांबं घोड्याच्या तोंडावर होतं म्हणून आपल्याला काही कळलं. तेच एखाद्यानं रात्री टिकावानं उपसलं असतं तर भंगारवाल्याकडे किलोवर गेलं असतं.

बर्डीचा_भटक्या
वाईट झालं भाऊ. पण गुप्तधनवाल्याला गूगल लागत नाही, तो आसपासचाच असतो, त्याला टेकडी न टेकडी पाठ. रिव्हेट-कारनॅक नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात जुनापाणी खणलं, तिथल्या वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्याला कोणी पिन पाठवली होती? आणि दगड उलटतात ते जेसीबीनं. लेआउट पडतं, मुरूम उपसला जातो, आणि एकही माणूस ‘थांबा’ म्हणत नाही, कारण तिथं काय आहे हेच कोणाला माहीत नसतं.

मुक्काम_पोस्ट_माती
माहीत असलेल्यांनीच तिथं दारूच्या बाटल्या फोडल्या आहेत. मोजायला येता का?

संत्राबर्फी
तुमच्या दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहून गेली. ‘ठिकाण गुप्त ठेवा’ म्हणजे प्रत्यक्षात काय? बुलेटवाल्या दहा पोरांच्या ग्रुपला ठाऊक, बाकीच्यांनी त्यांच्या स्टोऱ्या बघायच्या. मी बाईमाणूस, स्कूटीवर एकटी जाते. वाट नीट ठाऊक असेल तर दिवसाउजेडी जाऊन परत येते; नसेल तर पांदणीत चार अनोळखी माणसांना थांबवून विचारावं लागतं. मला पिन हवी.

जुनापाणीला गेलात तर एक करा. काही दगडांवर ओळीनं कोरलेल्या खळग्या आहेत, अंगठा बसेल एवढ्या. मी पहिल्यांदा भर दुपारी गेले आणि मला एकही दिसली नाही, वाटलं लोक फेकतात. दुसऱ्यांदा पाच वाजता गेले. ऊन तिरपं झालं आणि प्रत्येक खळगीत सावली भरली, दगडावर कोणी काजळाची बोटं उठवावीत तशी. मी तिथंच बसून राहिले, घरून तीन मिस्डकॉल.

अजबबंगला_फॅन
माझं मत दोघांनाही आवडणार नाही. रोममधली भुयारं पोपनं 1852 मध्ये नेमलेल्या आयोगाच्या ताब्यात आहेत. लोकांना मोजकीच खुली, तीही वाटाड्यासोबत. आत्तेभाऊ तिथं रांगेत मुकाट उभा राहिला असणार, विचारा त्याला.

आपल्याकडे जुन्या स्मारकांसाठी 1958 चा कायदा आहे, 2010 ची दुरुस्ती आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण हे संरक्षित जागेपुरतं. शेतात, झुडपात पडलेल्या वर्तुळांना वाली कोण? तेव्हा मनसरच्या विटांचं बांधकाम बघा, नगरधनला जा. नगरधनच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाचा मातीचा मुद्रांक, म्हणजे शिक्क्याचा ठसा, निघाला. गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची पोर, इथल्या वाकाटक राजांची सून, राज्य चालवलं तिनं! तिथं पाहुणे न्यायला कोणी अडवलंय? आणि त्याआधी अजबबंगल्यात, म्हणजे आपल्या नागपूरच्या संग्रहालयात जा. लहानपणी पेंढा भरलेला वाघ बघून परत आलात ना सगळे?

बर्डीचा_भटक्या
वाघच बघितला, खोटं कशाला बोलू.

वावरवाला
राजेहो, तुमी पिन टाका का नका टाकू करून राहिले, पण वावर कोनाचं हाये हे इचारलं का कोनी? माह्या वावरात असे दोन गोल हायेत. माहा आजा म्हणे, थे गवळ्याचे वाडे व्हते. आमी तिथं नांगर घालत नाई, वळसा मारतो. कायदा कोनाले मालूम, आज्यानं सांगतलं म्हून.

मागच्या साली पाच-सहा जन आले. इचारनं नाई, पुसनं नाई, बांधावरून घुसले, डरोन उडवला. बैल बुजला अन् जू मोडलं. उभ्या तुरीतून वाट पाडली. वरतून मलेच म्हनते, काका जरा बाजूले सरका, फोटोत येऊन राहिले.

मुक्काम_पोस्ट_माती
झालं? आता टाका पिन.

बर्डीचा_भटक्या
काका, तुमच्यापुढे बोलायला जागा नाही. शेतातली वर्तुळं टाकत नाही. मनसर, नगरधन, पवनीची जगन्नाथ टेकडी आणि जुनापाणी टाकतो, ती तशीही सरकारदरबारी नोंदलेली आहेत. खळग्या किती वाजता बघायच्या तेही लिहितो, संत्राबर्फीताईंच्या नावानं.

मुक्काम_पोस्ट_माती
जुनापाणीला माझी हरकत कायम. लिहून ठेवा.

संत्राबर्फी
ठेवली लिहून. काका, आधी विचारून आलं तर चालेल का?

वावरवाला
हाव, काऊन नाई. संक्रांतीनंतर या, तूर निघालेली राहते. बांधावरून आवाज द्या पह्यले, कुत्रा मोकळा राहते. अन् थो डरोन घरी ठेवा.