बॉटची पातळी वाढवली की नेमकं काय वाढतं?

रात्रपाळी:
ऑनलाइन न जाता बॉटशी, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या खेळाडूशी, खेळून हात बसवायचा आहे. खेळ तीन: काउंटर-स्ट्राइक सोर्स, एज ऑफ एम्पायर्स २ आणि बुद्धिबळ. सोपी पातळी ठेवली की समोर नुसता ठोकळा, अवघड ठेवली की अमानुष. एक्स्पर्ट बॉट आपण कोपऱ्यावरून डोकावतो तोच डोक्यात गोळी घालतो. एम्पायर्समध्ये समोरच्याकडे एवढं सोनं येतं कुठून, कळत नाही. बुद्धिबळाचं इंजिन स्टॉकफिश वीस चाली उस्तादासारखा खेळतो आणि अचानक वजीर फुकट देतो. मधलं काही मिळतं का?

पाचवा_राउंड:
शूटरपुरतं, म्हणजे काउंटर-स्ट्राइकपुरतं सांगतो. तिथे बॉटला नेम धरायला शिकवावं लागत नाही, चुकायला शिकवावं लागतं. तुम्ही कुठे आहात याचे आकडे त्याच्याकडे आयतेच असतात. पातळी म्हणजे त्यावर लादलेला उशीर आणि चूक.

खेळाच्या कन्सोलमध्ये (हुकूम टाइप करायची खिडकी) द्यायच्या बॉट_डिफिकल्टीला ० ते ३ अशा चारच पायऱ्या आहेत; पुढचे असे जोडशब्द तिथलेच हुकूम. खरा कारभार बॉटप्रोफाइल या फाइलमध्ये चालतो. साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. आधी तिची प्रत काढून ठेवा. आत स्किल (नेम), ॲग्रेशन, रिॲक्शनटाइम (तुम्ही दिसल्यावर भानावर यायचा वेळ), अटॅकडिले (गोळी झाडण्याआधीचा उशीर), टीमवर्क अशा ओळी दिसतील. एक्स्पर्टचं स्किल तसंच ठेवा, रिॲक्शनटाइम ०.३५ आणि अटॅकडिले ०.१ करून बघा. दोन्ही सेकंदांत आहेत. बॉटचा नेम पक्काच राहतो, पण कोपरा नीट घेणाऱ्याला पहिली गोळी झाडता येते. बरेच जण उलट करतात: स्किल उतरवतात, वेळ तसाच ठेवतात. मग बॉट गर्रकन वळतो आणि भिंतीवर मॅगझिन रिकामं करतो. अशा बॉटशी खेळून सवयी बिघडतात.

पाच-पाच खेळायचं तर बॉट_कोटा १० आणि बॉट_कोटा_मोड फिल. फिलमध्ये माणसं धरून दहा मोजले जातात, म्हणून कुणी मध्येच आलं तर एक बॉट आपोआप निघतो. सगळे बॉट एकाच बाजूला हवे असतील तर एमपी_लिमिटटीम्स आणि एमपी_ऑटोटीमबॅलन्स दोन्ही ० करा, नाहीतर खेळ त्यांची वाटणी करून टाकतो. पातळी बदललीत की जुने बॉट काढून नव्याने घ्या.

रात्रपाळी:
रिॲक्शनटाइमचं ध्यानात आलं, आभार. डाउनलोड केलेल्या एका नकाशावर मात्र बॉट गच्चीवर जातच नाहीत.

पाचवा_राउंड:
बॉट भिंती-जिने बघत नाही, जमिनीवर आखलेले चौकोन बघतो. चौकोन गच्चीवर पोचले नसतील तर त्याच्या लेखी गच्चीच नाही. एसव्ही_चीट्स १ करा, गच्चीवर जा, पायाखाली बघत नॅव_मार्क_वॉकेबल द्या, मग नॅव_जनरेट. मोठ्या नकाशाला बराच वेळ लागतो. अडकलं असं समजून खेळ बंद करू नका.

तरी जोड लागला नाही तर नॅव_एडिट १. एका चौकोनावर नॅव_मार्क, दुसऱ्याकडे बघून नॅव_कनेक्ट. हा जोड एकतर्फी असतो. परतीचाही द्या, नाहीतर बॉट वर चढेल आणि राउंड संपेपर्यंत तिथेच राहील. शेवटी नॅव_सेव्ह.

गढीवाला:
सोन्याचं उत्तर: १९९९च्या मूळ खेळात सगळ्यांत वरच्या पातळीला कॉम्प्युटरला जादा साधनं मिळायची. २०१९च्या डेफिनिटिव्ह एडिशनचा नवा एआय तसं करत नाही. पण सामना मांडताना तिथे जुना एआयसुद्धा निवडता येतो, तेव्हा आधी ते तपासा. सिव्हिलायझेशन ६ मध्ये हा प्रकार उघड आहे. डेइटी या सगळ्यांत वरच्या पातळीला डोकं तेवढंच, शिदोरी मोठी: तुमचा एक सेटलर (नवं शहर वसवणारा), त्याचे तीन, शिवाय त्याच्या तुकड्यांना लढाईत ४ गुण जादा. बरोबरीचा सामना हवा असेल तर प्रिन्स ही पातळी.

एम्पायर्सचा एआय स्वतः लिहून बघाच, फार शिकायला मिळतं. प्रत्येक नियमात आधी अट, मग कृती. ‘गावकरी घडवता येत असेल तर घडव’ एवढा एकच नियम लिहिला तर नेहमीच्या सुरुवातीत सगळं पाचव्या माणसावर थांबतं. टाउन सेंटरमध्ये जागा पाचांची, सुरुवातीला तीन गावकरी आणि एक स्काउट (टेहळ्या). पाचवा आला की ‘घडवता येतं का’ ही अटच खोटी ठरते, आणि चुकीचा संदेशही दिसत नाही, कारण लिहिण्यात चूक नसतेच. म्हणून मोकळी जागा पाचाच्या खाली आली की घर बांधायचा नियम हवा. घराला २५ लाकूड लागतं, तेव्हा गावकऱ्यांच्या वाटणीत लाकडाचा टक्का शून्य ठेवू नका.

अडीच_घरं:
स्टॉकफिशची स्किल लेव्हल ० ते २०. विसाच्या खाली ठेवली की तो निदान चार उमेदवार चाली शोधतो आणि त्यांतली कमी प्रतीची मुद्दाम उचलतो. म्हणून तुमचा वजिराचा अनुभव. त्याची चूक बाहेरून पेरलेली असते. माणूस चुकतो तो दिसलं नाही म्हणून, आणि बहुधा ठरावीक जागी.

सरावाला माइया हे इंजिन घ्या. ती माणसांच्या डावांवर शिकवलेली आहे, ११०० ते १९०० रेटिंगच्या वेगवेगळ्या फायली मिळतात. लीला चेस झीरो या इंजिनमध्ये फाइल भरा आणि नोड्सची, म्हणजे तपासायच्या स्थितींची, मर्यादा १ ठेवा. इथेच लोक फसतात: घड्याळाचा वेळ दिला की इंजिन पुढच्या चाली शोधू लागतं आणि ११००ची फाइल ११००सारखी खेळत नाही.

उजवा_हुक:
फायटिंग गेम कुणी काढला नाही म्हणून. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं. माणसाला बघून बटण दाबायला १२ ते १५ फ्रेम लागतात, कॉम्प्युटरला तुमचं बटण त्याच फ्रेमला कळू शकतं. त्यामुळे वरच्या पातळीचा सीपीयू (कॉम्प्युटरचा खेळाडू) तुमची हवेतली उडी दर वेळी पाडतो, आणि त्याला फसवायच्या ज्या युक्त्या सापडतात त्या माणसापुढे चालत नाहीत. स्ट्रीट फायटर ६च्या ट्रेनिंगमध्ये डमीच्या (सरावाच्या प्रतिस्पर्ध्याच्या) चाली रेकॉर्ड करता येतात. एका जागेत उडी, दुसऱ्या जागेत पुढे येऊन थ्रो (पकडून आपटणं), तिसऱ्यात नुसतं थांबणं. तिन्ही क्रम न ठरवता वाजवायला लावा. पुढे काय येणार हे माहीत नसताना उडी पाडता आली, तरच ती आली म्हणायची.