गुरखाची मागची पेस्टिंगची काच फुटली: भर पावसाळ्यात बदलावी का, आणि कशी?

सह्यवाट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे तीन दारांची फोर्स गुरखा आहे, 2022 ची, सेकंडहँड घेतलेली. गेल्या रविवारी पानशेतकडून वेल्ह्याला येताना वळणावर समोरून एसटी आली. तिला वाट द्यायला गाडी डावीकडे दाबली आणि ऐनाची एक वठलेली फांदी थेट मागच्या सीटच्या डाव्या बाजूच्या मोठ्या काचेत घुसली. क्षणात सगळ्या काचेचे हरभऱ्याएवढे दाणे झाले. मागे मुलं बसली होती, पण सुदैवाने कोणाला खरचटलंही नाही. आता तिथे जाड प्लास्टिक आणि टेप लावून गाडी पार्किंगमध्ये उभी आहे.

विचारायचं असं की, ही काच रबरात बसवलेली नाही, पत्र्याला चिकटवलेली आहे. आमच्याजवळचा एक काचवाला म्हणतो, "सिलिकॉनने बसवतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." दुसरा म्हणतो, पीयूच (पॉलियुरेथेन, काच चिकटवायचा मसाला) लावावं लागेल, गाडी दोन-तीन दिवस सोडा, आणि पैसेही बरेच जास्त सांगतो. खरा फरक काय आहे? एवढ्या पावसात हे काम करावं की नाही?

शिवाय उजव्या बाजूची तीच काच आधीच्या मालकाने कुठेतरी बदलून घेतली होती. तिच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात आतून ओल येते. ती पण आत्ताच काढून परत बसवावी का? आणि या काचा उघडत नाहीत, मागे बसणाऱ्यांना गुदमरतं. काम निघालंच आहे तर सरकती खिडकी बसवता येईल का?

काचकाम सातारा

दादा, मुलं सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. दाणे झाले म्हणजे काच टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) होती, तिने तिचं काम चोख केलं.

मी साताऱ्यात काचा बसवण्याचंच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सिलिकॉनने बसवू देऊ नका. बाजारात मिळणारं साधं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते ॲसिड असतं. रंगाला कुठे ओरखडा असेल तिथे ते पत्रा खायला लागतं आणि गंज काचेखाली असल्यामुळे वर्षभर दिसतही नाही. त्याहून वाईट म्हणजे पुढे कधी नीट काम करायचं ठरवलं तर सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पीयू धरतच नाही. दोन-तीन दिवस सांगणारा माणूस तुम्हाला खरं सांगतोय.

आता काम कसं व्हायला हवं ते सांगतो, म्हणजे तिथे उभं राहून बघता येईल.

आधी आतली ट्रिम (पत्र्यावरचं प्लास्टिकचं अस्तर) काढायला लावा आणि दाणे व्हॅक्यूमने ओढून घ्या. काचेखालच्या पोकळीत आणि पाणी निचरायच्या भोकांत दाणे अडकतात. भोकं तुंबली की आत पाणी साठतं, आणि उरलेले दाणे खडबडीत रस्त्यावर खुळखुळत राहतात. मग जुनं पीयू. पुष्कळ कारागीर ते पत्र्यापर्यंत खरवडून चकाचक करतात. बघायला छान दिसतं, पण तसं करू नये. कंपनीत लावलेलं पीयू रंगाला घट्ट धरून असतं. त्याचा 1 ते 2 मिलीमीटर थर ठेवून बाकीचं धारदार पात्याने सपाट कापायचं. ताज्या कापलेल्या पीयूवर नवीन पीयू सगळ्यात चांगलं धरतं. कापल्यावर त्यावर हात फिरवायचा नाही, फडका मारायचा नाही. कुठे पत्रा उघडा पडला तर तेवढ्याच जागी प्रायमर. गंज सापडला तर मात्र घाई करू नका: तो पूर्ण घासून, रंगवून, रंग पक्का झाल्यावरच पुढे जायचं.

नवीन काच हातात घेऊन बघा. कडेला काळा पट्टा भाजलेला असतो, तो शोभेसाठी नसतो. ऊन लागलं की पीयू मरतं, त्या उन्हापासून तो पट्टा त्याला झाकतो. कोपऱ्यावर आयएस 2553 चा शिक्का हवा. कुणी साधी काच मापाने कापून देतो म्हणाला तर सरळ नको म्हणा, ती फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होतात. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की पुन्हा कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून माप आधीच बरोबर असावं लागतं. नवीन पीयूची रेघ ओढण्याआधी काच एकदा कोरडी लावून, खाली पॅकिंग देऊन, टेपने खुणा करून घ्यायच्या. नंतर चिकट काच इकडेतिकडे सरकवायची वेळ येता कामा नये.

पीयू गोल सुतळीसारखं नाही, तिकोनी उभं राहिलं पाहिजे. त्यासाठी नोझलला व्ही आकाराचा काप देतात. तळाला 8 आणि उंचीला 12 मिलीमीटर धरलं आणि काचेचा घेर साडेतीन मीटर धरला, तर 170 मिलीलिटरच्या आसपास लागतं. म्हणजे 310 ची एक नळी पुरते. तरी दुसरी जवळ ठेवायला सांगा, मध्येच तुटलेली रेघ म्हणजे गळतीला आमंत्रण. नळीवरची एक्स्पायरी तुम्ही स्वतः वाचा. रेघेची दोन टोकं जुळतात तो सांधा कोपऱ्यात नको, सरळ भागात हवा.

तुमची गाडी डोंगरातली आहे म्हणून पुढचं जास्त महत्त्वाचं. एक चाक खड्ड्यात आणि त्याच्या तिरक्या समोरचं चाक हवेत अशी गाडी उभी राहिली की बॉडी पिळते. तो पीळ काचेने घ्यायचा नसतो, मधल्या पीयूने घ्यायचा असतो. काच जोरात दाबून बसवली आणि थर कागदाएवढा उरला तर काच पत्र्याला टेकते आणि एक दिवस न आदळताच फुटते. म्हणून 5 मिलीमीटरच्या रबरी गुट्ट्या ठेवून थर राखायचा.

पावसाबद्दल: पीयू हवेतल्या ओलाव्यानेच वाळतं, त्यामुळे दमट हवा त्याला मानवते. डिसेंबरातल्या कोरड्या थंडीत ते जास्त रेंगाळतं. पण चिकटवताना काच आणि पत्रा ठणठणीत कोरडे हवेत, काम बंद शेडमध्येच व्हायला हवं. दोन-तीन दिवस का, तर एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला रंगवलेला पत्रा. हवा फक्त दोन्ही कडांनी आत जाते. पहिल्या 24 तासांत साधारण 3 मिलीमीटर आत वाळतं, पुढे वेग मंदावतो. दाबलेली रेघ 10 मिलीमीटर रुंद झाली असेल तर मध्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागणारच. त्या काळात पुढची एक काच दोन बोटं खाली ठेवा. सगळं बंद असताना दार आपटलं तर आतली हवा नवीन काचेला बाहेर ढकलते.

उजव्या काचेला अजून हात लावू नका. आधी गळती कुठली ते शोधा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, ट्रिम काढलेली. दुसऱ्याने पाइपने बारीक धार खालून सुरू करून हळूहळू वर न्यायची. वरून सुरू केलं तर पाणी ओघळून सगळंच ओलं होतं, काही कळत नाही. छतावर कॅरियर असेल तर त्याचे बोल्ट आणि मागच्या दिव्याचं रबरही तपासा. पुष्कळदा दोषी काच नसतेच.

निफाडची शेतकरीण

वरची माहिती फार कामाची. मी विम्याचं सांगते, कारण आमच्या गाडीची मागची काच द्राक्षाच्या बागेत लोखंडी अँगलवर आपटली होती तेव्हा हे सगळं झालंय.

दादा, दुरुस्तीला हात लावण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि आहे तसे फोटो काढून ठेवा. सर्व्हेअरने बघण्याआधी काम झालं तर वाद होतो. फुल इन्शुरन्स असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत, रबर-प्लास्टिकवर मात्र 50 टक्के कापतात. 1500 सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीचे 2000 रुपये आपल्या खिशातून. पण क्लेम घेतला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, म्हणून दोन्ही आकडे मांडून बघा. आमचा बोनस बराच साठला होता, म्हणून आम्ही क्लेम केलाच नाही. पीयू-प्रायमरचे पैसे देतात का, तेही विचारून घ्या. कन्झ्युमेबल्सचं (वापरून संपणाऱ्या मालाचं) वेगळं कव्हर नसेल तर बहुधा नाही.

आणि बाहेरून गडद काच आणून बसवू नका. बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के प्रकाश आत यायलाच हवा असा नियम आहे.

जुनी जीप

सरकत्या खिडकीचं मी बोलतो. माझ्या जुन्या गाडीला मागे सरकत्या काचा आहेत, आणि त्यांचं सुख मला माहीत आहे: वारा येतो, पोरं खूश. पण त्या गाडीच्या पत्र्यात पहिल्यापासून तशी चौकट होती. तुमच्या गाडीत अख्खी काच काढून ॲल्युमिनियमची चौकट चिकटवावी लागेल. तिच्या रुळात लाल माती बसते, निचऱ्याची बारीक भोकं बुजतात आणि पाणी आत वळतं. मी दर पावसाळ्याआधी जुन्या टूथब्रशने ती साफ करतो, तरी एखाद्या जोरदार सरीत मागचं सीट भिजतंच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. पुढे अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. मुलांसाठी एसीची हवा मागे ढकलणारा छोटा पंखा लावा, मूळची काच राहू द्या.

सह्यवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय, कारण काम पुरं झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

डावी काच पीयूने बसवली, मी समोर उभा होतो. खालच्या कडेला फांदीने रंग उडवला होता, तिथे प्रायमर लावला. क्लेम केला, कारण माझा बोनस पहिल्याच वर्षाचा होता. पंखा मागवलाय.

उजवीकडे तुम्ही सांगितलं तसं खालून पाणी मारत गेलो. मागच्या दिव्यापर्यंत काही नाही, छताचे बोल्टही कोरडे. धार काचेच्या मागच्या कोपऱ्याशी आली आणि बायकोने आतून हाक मारली. तिथे काळ्या पीयूवरून कोणीतरी पारदर्शक सिलिकॉनचा जाड थर ओढलाय. नखाने ओढला तर पट्टीच निघून आली, खाली रेघ बोटभर तुटलेली. आता फक्त तेवढी जागा भरता येईल, की पूर्ण काच काढायची?

काचकाम सातारा

पूर्ण काढा दादा. रेघ जिथे तुटली तिथून सिलिकॉन आत शिरलेलं असणार आणि त्यावर नवीन पीयू टिकणार नाही. काच शाबूत आहे, तर ती वाचवता येते: रेघेतून तार आरपार घालून दोघांनी आतून-बाहेरून ओढत कापायची, रंगावर आधी जाड टेप लावून. काच निघाल्यावर सिलिकॉन लागलेल्या भागातलं जुनं पीयू मात्र ठेवायचं नाही. तेवढ्या टप्प्यात रंगापर्यंत साफ करून प्रायमर मारायचा. काचेच्या काळ्या पट्ट्यावरचं सिलिकॉनही पात्याने आणि क्लीनरने पूर्ण काढून घ्या. बाकीच्या घेरात 1-2 मिलीमीटरचा नियम तसाच. पत्र्यावर तपकिरी डाग दिसला तर मला फोटो टाका, मग रंगाचं किती काम आहे ते सांगतो. तोवर त्या कोपऱ्यावर बाहेरून चांगली टेप लावा आणि खालची ट्रिम उघडी ठेवा, म्हणजे आतली ओल सुकेल.