धावायचं ॲप खरंच घराबाहेर काढतं का? नागपूरकरांनो, अनुभव सांगा

दिवाळी झाली की अंबाझरी-फुटाळ्यावर नवे बूट दिसू लागतात आणि मार्च लागला की गायब होतात. फोनमधल्या ॲपमुळे कोणाचं धावणं टिकलं असेल, किंवा त्याच ॲपमुळे डोकं फिरलं असेल, तर लिहा. ॲपचं नाव सांगाच, पण त्यातलं नेमकं काय कामी आलं तेही हवं.

सेमिनरी हिल्सची वाट
माझं 'काउच टू ५के', म्हणजे सोफ्यावरून उठवून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारं ॲप. 9 आठवडे, आठवड्यातून 3 दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग 60 सेकंद धाव, 90 सेकंद चाल, असं 20 मिनिटं. मला ॲपने पळवलं नाही, थांबवलं! आपण नवखे पहिल्याच दिवशी जीव तोडून पळतो, दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या धरून बसतो. इथे कानात आवाज येतो, "आता चाला," की मान ठेवून चालायचं. पाचव्या आठवड्याच्या शेवटी मात्र ते एकदम सलग 20 मिनिटं धावायला सांगतं. वाचूनच पोटात गोळा आला होता, पण तोवर दम तयार झालेला असतो. एक सांगते, ॲपला चढ कळत नाही. सेमिनरी हिल्सच्या चढावरची 60 सेकंदं आणि सिव्हिल लाइन्सच्या सपाट रस्त्यावरची 60 सेकंदं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुरुवात खालीच करा, टेकडी नंतर.

मनीषनगरवाला
मी स्ट्राव्हावर, म्हणजे धाव नकाशावर नोंदवून मित्रांना दाखवणाऱ्या ॲपवर. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखालून धावत होतो. वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. जीपीएसला आभाळ दिसंल तं ना! नकाशातली रेघ शेजारच्या बिल्डिंगांतून आरपार. केनियाचा धावपटू किपचोगे अख्खी मॅरेथॉन किलोमीटरला तीन मिनिटांच्या आत धावलाय. एका सकाळी ॲपच्या म्हणण्याप्रमाणे मीपण धावलो. मित्रांनी धडाधड कुडोस (तिथले लाइक) दिले, मी गुपचूप घेतले.
आता अंबाझरीला जातो. तिथे 'लोकल लेजंड'चा नाद लागला. त्यात वेग नाही पाहत, गेल्या 90 दिवसांत त्या टप्प्यावरून सगळ्यात जास्त वेळा कोण गेलं ते पाहतात. पोट सुटलेल्या माणसासाठी याहून न्याय्य स्पर्धा नाही. कोणीतरी अनोळखी माणूस माझ्या पुढे आहे. तो आजारी पडावा असं नाही म्हणत, पण एखादं लग्नकार्य निघायला काय हरकत आहे?

पहाटपाळी
बायकांसाठी एक सांगून ठेवते. ॲप टाकलं की आधी प्रायव्हसीच्या सेटिंग्ज उघडा. रोज एकाच फाटकापासून सुरू होणारी रेघ म्हणजे घराचा पत्ताच झाला. स्ट्राव्हात सुरुवातीचा आणि शेवटचा भाग नकाशावरून लपवता येतो, प्रोफाइलही फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवता येतं. अंधारात निघताना आईला व्हॉट्सॲपवर तासाभराचं लाइव्ह लोकेशन पाठवते. ती ते झोपेतून उठून पाहते आणि मी कुठे रेंगाळले की फोन करते, "काऊन थांबली?" एवढी तत्पर सूचना कोणतंच ॲप देत नाही.

फक्त कामाचं
धाव अर्ध्यात नोंदणं बंद होतं? फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपवरचा निर्बंध काढा. बहुतेकांचं तेवढ्याने भागतं.

नवतपा
मला नको झालं बा ते! मे महिन्यात पारा 45 च्या घरात, आणि फोन विचारतो, "आज धावायचं नाही?" त्याला कोणी सांगावं की नवतप्यात पहाटेचा रस्तासुद्धा गरमच असतो. महिन्याच्या किलोमीटरचं आव्हान पुरं करायला एकदा संध्याकाळी निघालो, लॉ कॉलेज चौकात गरगरलं, पानठेल्यावाल्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या दिवसापासून नोटिफिकेशन बंद. किलोमीटर मोजतो, पण मे-जूनमध्ये आव्हानं घेत नाही.

रेशीमबाग ग्राउंड
तुम्ही सगळे बॅटरीचंच बोलून राहिले. आमचे चौघं जण ग्राउंडच्या गेटवर उभे असतात. नाही गेलं तं दिवसभर टोमणे.

धागाकर्ता
काका, तुमचा ग्रुप किती वाजता जमतो? नवीन माणूस चालतो का?

रेशीमबाग ग्राउंड
साडेपाच. चालते ना. उशीर झाला तं तर्री-पोह्याचे पैसे तुमच्याकडे, अन् आमच्यातले दोघं डबल प्लेट खातात.